एक दिवसाआड

३ मार्च

सकाळी शपथ घेतली. दुपारभर सभागृहात बसलो. संध्याकाळी सदस्य निवासात खोली मिळाली. पलंग, टेबल, भिंतीतलं कपाट आणि एक नळ. जेवणाऐवजी दोन सफरचंदं खाल्ली.

ही सदस्य असताना हिची जागा दुसऱ्या रांगेत होती, ती आता कुणाला तरी दिली आहे. मला मागे खांबाजवळ बसवलं आहे. तिथून अध्यक्षांचा अर्धाच चेहरा दिसतो. ज्याने उभी हयात चष्म्याच्या दुकानात काढली त्याला अशी जागा मिळावी ही गंमतच. तक्रार केली नाही.

शपथ वाचताना आवाज फुटेना. मागून कुणीतरी "मोठ्याने, मोठ्याने" म्हणालं. माझ्या शेजारच्या बाई वळून त्याला म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवशी कागद उलटा धरला होतात. गप्प बसा." या बाई सात वेळा निवडून आल्या आहेत. दोन्ही बाजूंचे लोक त्यांना आत्या म्हणतात, मंत्रीसुद्धा. मी माझी ओळख सांगायला लागलो तर म्हणाल्या, "माहिती आहे. तुमच्या बायकोने तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. तुम्ही बोलत नाही, असं. खरं दिसतंय."

ही गेल्यावर पोटनिवडणूक लागली तेव्हा पक्षाचे प्रतोद घरी आले होते. म्हणाले, "तुम्ही काही करायचं नाही, फक्त उभं राहायचं. बाकीचं फोटो बघून घेईल." फोटो म्हणजे हिचा. फोटोने बघून घेतलं.

५ मार्च

प्रश्न दिला. तोच, हिचाच.

तिने तो मागच्या अधिवेशनात दिला होता आणि निवडलाही गेला होता. पण तारखेच्या आधी ती गेली. इथला नियम असा की सदस्य गेला की त्याचा प्रश्नही जातो. प्रश्न घेणारा अधिकारी जरा ओशाळून म्हणाला, "नियमच तसा आहे साहेब. कुणीतरी नव्याने द्यावा लागतो." म्हणून नव्याने दिला.

आमच्या गावच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिसची चार यंत्रं आहेत. ती हिनेच मागे लागून आणली. तेव्हा ती ठणठणीत होती. पुढे तिचीच मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती त्याच खोलीत यंत्राला लागली. म्हणायची, "फीत कापायचे कष्ट वसूल करतेय." यंत्रं चालवणारे तंत्रज्ञ एकटेच, गेल्या वर्षी त्यांना दुसरीकडे पाठवलं आणि खोलीला कुलूप लागलं. तेव्हापासून गावातली डायलिसिसची सगळी मंडळी एक दिवसाआड व्हॅनने मोठ्या शहरात जातात. उजाडायच्या आत निघायचं आणि दिवेलागणीनंतर परत. ही त्यांच्याबरोबरच जायची. सदस्य म्हणून शहरात राहता आलं असतं, राहिली नाही. नंतर रक्तात संसर्ग झाला.

पुढचं लिहायचं कारण नाही.

७ मार्च

पहिला क्रमांक लागला!

प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. शेकड्यांनी प्रश्न असतात आणि तासाभरात जेमतेम चार-पाच होतात. बाकीच्यांची नुसती छापील उत्तरं मिळतात. पहिला म्हणजे नक्की होणारच. चिठ्ठी निघाल्याचं कळलं तेव्हा मी जिन्यात होतो. तिथून वर जायचं की खाली, तेच विसरलो.

मुलीला फोन केला.

"बाबा, तुम्ही धावत आलात का? धाप लागलीय."

"नाही. पहिला नंबर लागला."

"कशात?"

सगळं सांगितलं. तिला आनंद झाला. मग म्हणाली, "मी रविवारी येऊ का? आईचं कपाट दोघं मिळून आवरू."

अधिवेशन संपू दे, म्हणालो.

९ मार्च

सुट्टी म्हणून गावी जाऊन आलो. शिंपी मास्तरांकडे गेलो. सभागृहात घालायचा जुना कोट बरोबर नेला होता, तो ढगळ झाला आहे.

मास्तर म्हणजे हिचे यंत्रावरचे शेजारी. ही त्यांची ताई, म्हणून मी भावोजी. त्यांनी कोट माझ्या अंगावर घालून मागून पुढून बघितला आणि म्हणाले, "भावोजी, खांदे उतरलेत. कोटाचे नव्हेत, तुमचे. कोटाचं मी बघतो."

टाचण्या लावायला खाली वाकले तेव्हा त्यांचे पाय दिसले. घोटा कुठे आहे ते कळत नव्हतं. बोट दाबलं तर खळगा तसाच राहील असे. मी विचारलं, फेऱ्या नीट चालल्यात ना?

"दोन करतो, एक सोडतो."

"आठवड्याला तीन सांगितल्यात."

"व्हॅनमधून उतरलं की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा व्हॅन. शरीरच म्हणतं, जाऊ दे मास्तर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले, असंच केलंत तर सहा महिनेसुद्धा सांगता येणार नाहीत." टाचणी तोंडात धरून ते हे इतकं सहज बोलले की मला आधी वाटलं कोटाच्या मापाचं काही सांगताहेत. "ताई असती तर माझी पाठ सडकली असती. म्हणून तिच्या माघारी सोडतोय."

खोली उघडली तर याल का रोजच्या रोज, म्हणजे एक दिवसाआड, असं विचारलं.

"खोली उघडली तर झोपायला पण तिथेच येईन. दुकानापासून चालत जाता येतं."

कोट तिथेच ठेवून घेतला. परवा गाडीबरोबर पाठवतो म्हणाले.

१२ मार्च

छापील उत्तर हातात आलं. "चारही यंत्रे सुस्थितीत आहेत. सबब, पुढील प्रश्न उद्भवत नाही." दोन ओळी. यंत्रं सुस्थितीत आहेत हे खरंच आहे. कुणी हात लावला तर बिघडतील ना.

संध्याकाळी उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आत्यांनी माझी तालीम घेतली. उठून फक्त प्रश्नाचा क्रमांक म्हणायचा. उत्तर वाचलं असं धरतात. मग आपला उपप्रश्न. तिथेच सगळी गंमत असते म्हणे.

"समजा मी आरोग्यमंत्री. विचारा."

मी विचारलं, "यंत्रं चालवायला तंत्रज्ञ नसताना आणि रुग्णांना शहरात जावं लागत असताना, आणि..."

"थांबा. रुग्णांच्या प्रवासाची सोय केलेली आहे, व्हॅन दिलेली आहे. झालं! मी तुमचा सोपा तुकडा उचलला. लांब विचारायचं नाही. काटा टोचावा तेवढंच."

"यंत्रं कोण चालवतं?"

"अजून छोटं."

"तंत्रज्ञ कुठे आहेत?"

आत्यांनी कप खाली ठेवला. "हेच. याच्यापुढे एक शब्द नको. हे बोलायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं."

खोलीत येऊन आरशासमोर म्हणून बघितलं. तंत्रज्ञ कुठे आहेत? तंत्रज्ञ कुठे आहेत? शेजारच्या खोलीतले सदस्य दार वाजवून विचारून गेले, कुणी हरवलंय का.

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१३ मार्च

आरोग्यमंत्री फार साधा माणूस निघाला. मी उगीच धसका घेतला होता.

दुपारी जिन्याजवळ भेटले. स्वतःहून हाक मारली, "अहो चष्मेवाले! एक मिनिट. हे बघा ना, नाकाजवळ रुततंय आणि वाचताना खाली घसरतंय." चष्मा हातात दिला. एका बाजूची काडी फाकली होती आणि नाकावरच्या गाद्या वरखाली होत्या. माझ्या खिशात छोटा पेचकस असतोच. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तिथल्या तिथे सरळ करून दिला. घालून बघितला तर त्यांचा चेहराच उजळला. म्हणाले, "ताई मला सांगायच्या, आमच्या घरी डोळे तपासून मगच बोलतात." मला हे ठाऊक नव्हतं. ही त्यांच्याशीही बोलायची तर.

मग चहा झाला. म्हणाले, उद्या काय विचारणार आहात? मी सांगितलं. लपवण्यासारखं काय आहे? आधी कळलं तर उत्तर नीट आणतील.

उद्यासाठी कोट आला आहे. खांदे बरोबर बसतात.

१४ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

अध्यक्षांनी पुकारलं. मी उठून क्रमांक म्हटला. मंत्री उठले. चष्मा छान बसला होता.

म्हणाले, "अध्यक्ष महोदय, उत्तराआधी मला एक आठवण सांगायची आहे." आणि ते हिच्याबद्दल बोलले. एकदा ती डायलिसिसहून परस्पर सभागृहात आली होती, हाताची पट्टी पदराखाली झाकून. आरोग्यावरची चर्चा होती. मंत्र्यांनी खूण करून बसा म्हटलं तर ही म्हणाली, "बसूनच आलेय, चार तास." सगळं सभागृह हसलं होतं. मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली होती की आराम केला.

मंत्री पुढे म्हणाले, "यंत्रं सुस्थितीत आहेत. तंत्रज्ञांची बाब तपासून घेतली जाईल. ताईंचं काम अपुरं राहणार नाही, एवढं या प्रसंगी सांगतो."

मी उभा राहिलो. उपप्रश्न ओठांवर होता. तोंडातून आलं, "धन्यवाद." आणि खाली बसलो.

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांचं समाधान झालेलं आहे. पुढचा प्रश्न."

आत्या ताडकन उठल्या. "अध्यक्ष महोदय, उपप्रश्न आहे!"

"मूळ सदस्य समाधानी आहेत, आत्या. बसा."

बसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तास संपल्यावर बाहेर व्हरांड्यात म्हणाल्या, "मी तुम्हाला सगळं शिकवलं. हे शिकवायचं राहिलं. इतकं चांगलं वळण असलेला माणूस इथे येईल असं वाटलंच नाही."

"त्यांनी हिच्याबद्दल एवढं चांगलं सांगितलं. नुसतं बसणं उद्धटपणाचं झालं असतं."

"दुकानात गिऱ्हाइकाला म्हणा धन्यवाद. इथे धन्यवाद म्हणजे शटर खाली." मग एकदम थांबल्या. "आणि काय हो, उपप्रश्न त्यांना आधी कळला होता का?"

मी कालचं सांगितलं.

"चष्मापण सरळ करून दिलात?"

"हो."

"छान. म्हणजे नेम नीट धरता आला."

आत्या रागात होत्या म्हणून असं बोलल्या. मंत्री मनाचा चांगला आहे, चूक माझी. संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. व्हॅनमध्ये सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं म्हणे. "ताईचं ऐकून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, भावोजी." मग म्हणाले, "तपासून घेतली जाईल म्हणजे किती दिवस असतं ते?"

विचारून सांगतो म्हणालो.

१५ मार्च

कुठेही गेलो नाही. मुलीचे दोन फोन येऊन गेले.

१७ मार्च

मार्ग आहे!

नियमांच्या पुस्तकात सापडला असं म्हणणार होतो, पण पुस्तक माझ्याकडे तसंच पडून होतं. आत्यांनी स्वतःचं पुस्तक पान दुमडून दारातून आत सरकवलं, वर पेन्सिलीने लिहून: "अंघोळ करा आणि वाचा." तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नात काही उलगडा राहिला असेल तर सदस्याला अर्धा तास चर्चा मागता येते. दिवसाचं सगळं कामकाज संपल्यावर, शेवटी. अध्यक्षांनी परवानगी द्यायला हवी.

अंघोळ केली. अर्ज दिला. अधिकारी म्हणाला, "पण साहेब, तुमचं समाधान झाल्याची नोंद आहे." मग आत्या आणि मी अध्यक्षांच्या दालनात गेलो. पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा बघितला.

मी म्हणालो, "माझं समाधान झालेलं नाही. मी सवयीने बोललो."

अध्यक्षांनी अर्ज पुढे ओढला. "या सभागृहात माणसं सवयीने काय काय बोलतात. धन्यवाद मात्र पहिल्यांदाच ऐकला." सही केली.

एकवीस तारीख मिळाली. बाहेर आल्यावर मी जिना दोन दोन पायऱ्या उतरलो. आत्या वरून ओरडल्या, "पडलात तर आणखी एक पोटनिवडणूक! माझ्यात आता प्रचाराची ताकद नाही!"

१९ मार्च

मंत्री पुन्हा भेटले. चष्मा मस्त झालाय म्हणाले. चर्चेत काय काय घेणार विचारलं. मी म्हणालो, "अजून ठरलं नाही." हे खोटं होतं. वाईट वाटलं. चहाला मात्र गेलो नाही.

२१ मार्च

कोटही काढला नाही, आधी लिहून काढतो.

चर्चा संध्याकाळच्या शेवटी होती. तोपर्यंत सभागृह रिकामं झालं. ठरावीक संख्येने सदस्य नसले तर कामकाज तिथेच थांबतं आणि चर्चा गेलीच. मी मोजायला लागलो तर दहासुद्धा भरेनात. आत्या कुठे दिसेनात. मग मागच्या दाराने एकेक, दोन दोन सदस्य यायला लागले, काहींच्या हातात अजून बिस्किटं. आत्या उपाहारगृहाच्या दारात उभ्या राहून सगळ्यांना हाकलत होत्या. "चहा परत गरम करता येतो, हा माणूस नाही! चला!" सत्ताधारी बाजूचेही चारदोन आले.

अध्यक्ष म्हणाले, "सुरू करा."

मी मास्तरांबद्दल बोललो. नाव घेतलं नाही. एक शिंपी आहे म्हणालो, त्याचे पाय सुजलेत, त्याला शिवणयंत्राचं पायडल दाबता येत नाही. आठवड्याला तीन वेळा लागतं तिथे तो दोन वेळा जातो, कारण व्हॅनचा प्रवास झेपत नाही. दुकानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर चार यंत्रं सुस्थितीत आहेत. एवढंच बोललो. मग विचारलं, "तंत्रज्ञ कुठे आहेत?"

आणि तोंडाकडे बघत उभा राहिलो.

मंत्र्यांनी कागद उलटसुलट केले. मागच्या अधिकाऱ्याने चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि घडी घातली. "अध्यक्ष महोदय, सदर तंत्रज्ञ सध्या... माझ्या मतदारसंघातल्या रुग्णालयात कार्यरत आहेत."

असा गदारोळ झाला! आमच्या बाजूने बाकं वाजली, "शेम, शेम" झालं, कुणीतरी शिट्टीच मारली. आत्या मात्र गालातल्या गालात हसत होत्या. त्यांना हे बारा तारखेपासून माहीत होतं, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

मंत्री मोठ्याने म्हणाले, "मला लपवायचं काही नाही. तिथेही गरज होती. सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन मी सभागृहात जाहीर करतो, तंत्रज्ञांना उद्याच्या उद्या परत पाठवतो!"

आता दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. प्रतोद लांबून दोन्ही अंगठे दाखवत होते. आत्यांनी माझा कोट ओढला. "आता म्हणा! आता मात्र धन्यवाद म्हणा!"

मी उभा राहिलो. मला तिथली खोली दिसत होती, मंत्र्यांच्या गावची. कधी गेलेलो नाही. पण खुर्च्या तशाच असणार, नळ्या तशाच, आणि खिडकीशी कुणीतरी बाई बसलेली असणार. उद्या त्या खोलीला कुलूप लागेल आणि परवा तिथून व्हॅन निघेल.

मी म्हणालो, "नको."

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी काय म्हटलं?"

"नको म्हटलं. तिथल्या लोकांचं काय करणार?"

"तुम्हाला तंत्रज्ञ हवाय ना?" मंत्री म्हणाले.

"हवाय."

"मग?"

मला मग काय ते माहीत नव्हतं. आत्या बाकाखालून कोट ओढतच होत्या, शिवण उसवेपर्यंत. मागून कुणी म्हणालं, "बसवा हो त्यांना, पक्षाचं वाटोळं करणार हा माणूस." मी बसलो नाही. बसलो असतो तर मास्तरांना फोनवर काय सांगणार होतो? आणि त्या दुसऱ्या बाईला तर फोनही करता आला नसता.

मंत्र्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच म्हातारे दिसतात. डोळे चोळले. मला वाटलं, आता रागावतात. पण ते माझ्याशीच बोलल्यासारखं हळू बोलले, माइकमध्ये कसंबसं आलं.

"माझी थोरली बहीण बसते तिथे." मग जरा मोठ्याने, "हे एक दिवसाआडच लागतं ना? मग माणूस एक दिवस तुमच्याकडे, एक दिवस आमच्याकडे. चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो. "कधीपासून?"

"पुढच्या महिन्यापासून."

"तारीख! तारीख!" सगळीकडून ओरडायला लागले. सत्ताधारी बाजूचेसुद्धा.

"एक एप्रिलपासून."

अध्यक्ष म्हणाले, "एक एप्रिल नको. कुणाचा विश्वास बसणार नाही. दोन करा."

"दोन एप्रिल. आणि दोन्हीकडच्या परिचारिकांना शिकवून तयार करायचं, दुसरा माणूस भरेपर्यंत."

असं हसणं आणि अशी बाकं! मी मात्र धन्यवाद म्हणालो नाही. अध्यक्षांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. "माझं समाधान दोन एप्रिलला होईल," म्हणालो आणि बसलो.

बाहेर प्रतोद भेटले. "जिंकलेला सामना अर्धा वाटून आलात," म्हणाले. पण हात जोरात दाबला. आत्यांनी फक्त कोटाची उसवलेली शिवण बघितली. "शिंप्याला सांगा, सभागृहात धुमश्चक्री झाली."

ही सगळी गोष्ट हिला कशी सांगायची ते मी येताना रस्त्याने ठरवत होतो. आधी शेवट सांगायचा नाही, "नको"पाशी थांबायचं आणि तिला तर्क करू द्यायचा. दार उघडून दिवा लावेपर्यंत तेच चाललं होतं.

२२ मार्च

मास्तरांचा फोन. "दोन तारखेला मी आधी. रांगेत उभा राहू की तिथेच झोपू?" म्हटलं, तोवर तिसरी फेरी सोडायची नाही. "नाही सोडत. आता काही दिवसांचाच प्रश्न आहे." टाचणी तोंडात धरून ते दिवसांबद्दलच बोलले होते, पण तेव्हाचा सूर वेगळा होता.

मुलीने टीव्हीवर बघितलं. "बाबा, तुम्ही 'नको' म्हणालात तेव्हा अगदी आईसारखे उभे होतात." मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही एकदा तरी रडलात का?"

"माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल," म्हणालो.

ती हसली, पण पूर्ण नाही.

२८ मार्च

अधिवेशन संपलं. खांबाजवळची जागा आता आवडायला लागली आहे. पुढच्या वेळचा प्रश्न सुचला: प्रत्येक डायलिसिसच्या खोलीत पाणी शुद्ध करणारं यंत्र कितीदा तपासलं जातं? आत्यांना सांगितला. म्हणाल्या, "सुटलात हो तुम्ही. आता कुणी आवरत नाही."

मला खरंच थांबवत नाही. गाडीत बसल्या बसल्या आणखी तीन सुचले.

२ एप्रिल

तंत्रज्ञ सकाळी वेळेवर आले. तरुण आहेत, बोलायला मऊ. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. दोन दिवस आधी माणसं येऊन पाण्याचं यंत्र साफ करून, पाणी तपासून गेली होती. आज तंत्रज्ञांनी एकेका यंत्रातून औषधाचं पाणी फिरवलं, तपासलं, पुन्हा फिरवलं. तोपर्यंत आम्ही सगळे बाहेरच्या बाकांवर. कुणी बोलत नव्हतं. आतून यंत्राचा तो ओळखीचा टुंईं टुंईं आवाज आला तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी फीत कुठे आहे विचारलं. म्हटलं, कापून झाली आहे, पूर्वीच.

परिचारिकेने पहिल्या पाळीच्या तिघांना जागा दिल्या. मग ती दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. खिडकीजवळची खुर्ची तिने रिकामी ठेवली होती. कुणीच तिकडे जात नव्हतं.

मास्तर म्हणाले, "भावोजी, मी शेवटी बसतो. दुसऱ्या पाळीला."

"तुम्ही आधी म्हणाला होतात."

"हो, पण..."

"तिथेच बसा," मी म्हणालो. "उजेड चांगला येतो."

ते बसले. चप्पल काढून पाय वर घेतले. हातात सुई गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, बाहेर बघत होते. दुकानाची पाटी तिथून दिसते. "अरे, दुकान उघडंच राहिलं की," म्हणाले, आणि सगळी खोली हसली. मी जाऊन दुकान बंद करून, किल्ली आणून त्यांच्या खिशात ठेवली.

तिसऱ्या पाळीपर्यंत थांबलो. मंत्र्यांचा फोन आला, विचारायला. त्यांना सांगितलं, माझं समाधान झालं. म्हणाले, "आता तरी म्हणा." म्हणालो.

मुलीलाही कळवलं. रविवारी ये, कपाट आवरू, असंही सांगितलं.

घरी आलो तर सपाटून भूक लागली होती, बऱ्याच महिन्यांनी अशी. बटाटे सोलले, पातळ चकत्या केल्या आणि पातेल्यात पाण्यात घातल्या. तासाभराने ते पाणी टाकून दुसरं घातलं. दोनदा पाणी बदललं की त्यातलं पोटॅशियम बरंचसं निघून जातं, मग ते हिला चालतात. दुसरं पाणी घालून हे लिहायला बसलो. झाला असेल तास. आता तेही टाकतो आणि शिजत लावतो.